दोन बाकांमागे एक

दि. ४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उशिरा लिहितेय म्हणून रागावू नकोस, इथे माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. दिवसभर संगणकापुढे बसून मी नेमकं करते काय, असं तू विचारलं होतंस ना? तर ऐक. आमच्या रसायनवाल्यांनी सुईसारखे काळे, चकचकीत स्फटिक बनवलेत. आत चपट्या रेणूंच्या चळती आणि दर दोन रेणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन. खूप थंड केलं की त्यांतून वीज काडीचाही अडथळा न येता धावते! त्यासाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमाव्या लागतात. पण हे तर एकमेकांना ढकलणारे. मग जमतं कसं, ते मी गणितात शोधतेय.

आमचे सर जवळजवळचे दोन रेणू मिळून एकच घर धरतात. दर घरात एक इलेक्ट्रॉन, गणित सोपं. त्या घरांचं त्यांनी काढलेलं चित्र वीस वर्षं त्यांच्या खोलीत टांगलंय. मीही तसंच धरते, आणि ढकलाढकली जरा वाढवली की माझ्या जोड्या मोडतात. महिनाअखेर काही हाती लागलं नाही तर हा विषय बंद, असं सरांनी काल स्पष्टच सांगितलं. तीन वर्षं पाण्यात जातील गं.

आतोबांना नमस्कार सांग. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझी,
खारूताई


दि. ११ जून

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वीजबीज मला कळत नाही, पण दोन बाकांमागे एक मूल म्हणजे काय हे मला शिकवू नकोस! शाळेत परीक्षेची बैठकव्यवस्था सव्वीस वर्षं मीच लावतेय. पहिल्या वर्षी मीही तुझ्या सरांचाच शहाणपणा केला होता. दोन बाकांचा एक चौकोन काढला आणि चौकोनात एक मुलगी बसवली. कागदावर काय देखणं दिसत होतं! वर्गात जाऊन बघते तर काय, एका चौकोनातली उजव्या बाकावर, पुढच्या चौकोनातली डाव्या बाकावर. दोघी अगदी खेटून. मग दोन बाक रिकामे, मग पुन्हा एक जोडगोळी. अख्खी रांग तशीच! त्यातल्या दोघी तर आदल्याच दिवशी कडाकडा भांडल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी माझी चांगलीच हजेरी घेतली. तेव्हापासून मी एकेक बाक वेगळा काढते.

तेव्हा बाई गं, तुम्ही ते दोन रेणू मुळात एकत्र केलेतच कशाला? माझा तेव्हाचा कागद सोबत पाठवतेय. चौकोन खोडून त्यावरच एकेक बाक काढलाय, कोण कुठे बसली होती त्या खुणांसकट. बघून झाला की परत पाठव. तुझ्या ढोलीत गेलेली वस्तू बाहेर येत नाही, म्हणून आधीच बजावते.

भांडणाऱ्यांच्या जोड्या टिकतात याला आमचं घरच पुरावा आहे, असं आतोबांचं म्हणणं. वेळेवर जेवत जा. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात अडकलेला असतो.

आत्या


दि. २३ जून

आत्या, आत्या, आत्या!

नमस्कार वगैरे नंतर. जमलं! प्रत्येक रेणू सुटा धरला, दोघांमागे एकच इलेक्ट्रॉन ठेवला आणि भीतभीत ढकलाढकली वाढवली. जोड्या वाढल्या! दोन भरलेले, दोन रिकामे, पुन्हा दोन भरलेले. थेट तुझी रांग! इलेक्ट्रॉन थोडे कमीजास्त केले की गंमत खलास. पाच वेळा तपासलं. मग आनंदाच्या भरात उगीचच चार मजले चढून उतरून आले.

पण आता खरी पंचाईत. गप्प बसले तर विषय बंद. सांगायचं म्हणजे भिंतीवरचं ते चित्र चुकलंय असं सरांच्या तोंडावर म्हणायचं, आणि ते बिथरले तरी बंदच. उद्या सकाळी जातेय. देव्हाऱ्यापुढे नाही तर निदान आतोबांपुढे हात जोड.

तुझीच,
घाबरलेली खारूताई


दि. २५ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट बघायला धीरच नाही. सरांनी माझी पानं घेतली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर नखं खात बसले. दोन तासांनी आत बोलावलं, तेव्हा टेबलावर त्यांच्या अक्षरातले कागद पसरले होते. चारच रेणू घेऊन त्यांनी सगळं हाताने करून पाहिलं होतं. रागावले नाहीत गं. इतक्या वर्षांत आपण त्या घरांच्या आत डोकावलोच नाही, एवढंच म्हणाले. मला रडूच फुटलं.

विषय चालू! पुढच्या महिन्यात सगळ्यांपुढे मीच बोलायचं. हे सुचलं कसं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी तुझा कागद पुढे केला. तो त्यांनी कितीतरी वेळ पाहिला, खोडलेल्या चौकोनांवरून बोट फिरवलं. मग खुर्चीवर चढले, भिंतीवरचं आपलं चित्र उतरवलं आणि त्याच खिळ्यावर तुझा कागद टांगला.

तेव्हा कागद काही परत येत नाही. हवाच असेल तर इथे येऊन बघ. माझ्या भाषणाला पहिल्या रांगेत तुझी खुर्ची सरांनी राखून ठेवलीय. शेजारची आतोबांची. अगदी खेटून.

वाट पाहतेय, माया वाढवतच राहा.

तुझी,
खारूताई