फ्यूजच्या जागची तार

सोमवार, संध्याकाळ. सावरगाव

आज दादासोबत जळालेल्या ट्रॅक्टरची वायरिंग नव्यानं केली. जुनी फ्यूजची डबी उघडली तर आत माझीच तांब्याची तार! पोळ्याले ट्रॅक्टरवर गाणे वाजवून राहिलो होतो, फ्यूज सारखा उडे, म्हणून त्याच्या जागी मीच ती गुंडाळली होती. मंग काढतो म्हटलं, राहून गेलं. का गाणे बंद पडतील म्हणून काढायचीच नव्हती मले? तार गुपचूप खिशात टाकली. दादा तर गावभर सांगून राहिला का उंदरानं वायर कुरतडली म्हणून आग लागली. आग विझवताना भाजलेल्या हातावर पट्टी, त्याले नवा फ्यूज धरता येईना. म्हणाला, "तूच बसव गा, तुयं काम पक्कं राहते." बसवला. खिशातली तार तेव्हाही दाखवली नाही.