घोड्यांवरची पद्मिनी

११ जानेवारी, रविवार

सेक्रेटरी म्हात्रे सकाळीच दारात. "वहिनी, गाडीचा काय ठरला? बिल्डिंगला रंग काढायचाय, खालचा पार्किंग मोकला लागंल." बघते म्हटलं. काय बघणार? आमची पद्मिनी चार लोखंडी घोड्यांवर उभी आहे, मागची चाकं नाहीत, मागच्या स्प्रिंगचे पाटे सुटे करून भिंतीला टेकवलेले. ढकलायचीही सोय नाही.

ह्यांनीच गणपतीआधी खोलून ठेवली. खालचे बोल्ट गंजून जाम झाले होते, ग्राइंडरने कापून काढले. नवे टाकायचे होते, त्याआधी झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं. पाय आता फिजिओमुळे बरा, काठीने चालतात. हात तसाच. शब्द मोजके. ‘हो’, ‘नाही’, तेही कधीकधी उलटे.

मनूचा पुण्याहून फोन. "आई, देऊन टाक ना भंगारात. बाबांचं करतेस, कंपनी करतेस, स्वतःची पाठ बघ." लेकीचं बरोबर आहे. उद्या पहिली पाळी. झोपते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. रजा घेतली ती भंगारवाल्यासाठी. त्याने बसून गाडीच्या पोटावर हातोडी मारली. ठण्ण वाजलं, म्हणजे पत्रा शाबूत. तरी म्हणतो, "मॅडम, नीचे से सब सड़ गया है."

हे वर गॅलरीत बसले होते. मला वाटलं तिथेच आहेत. बघते तर काठी टेकत एकटे जिना उतरून आलेले. गाडी आणि भंगारवाला ह्यांच्या मधे उभे राहिले. "नाही." अगदी स्पष्ट.

जिना एकट्याने उतरल्याबद्दल ओरडायचं होतं मला. ओरडले नाही. भंगारवाल्याला परत पाठवलं. तिळगूळ मात्र दिला त्याला, सणाचं आलेला माणूस.

१८ जानेवारी, रविवार

अंबरनाथहून मेकॅनिक आला. चांगला आहे म्हणे. खाली वाकून, टॉर्च मारून झाल्यावर म्हणाला, घरात पडलेले कुठलेही जुने बोल्ट द्या, ठोकून बसवतो. आणि गंज? "ऊपर से काला मार दूँगा, दिखेगा नहीं."

ह्यांनी काठी इतक्या जोरात आपटली की तो दचकला. मग मीही नको म्हटलं. औषधाच्या कंपनीत पॅकिंग लाइनवर इतकी वर्षं काढली, ‘दिसणार नाही’चा अर्थ मला कळतो. गंजावर काळा थर दिला की पाणी आत राहतं आणि आतून खातं. असं हे नेहमी सांगायचे.

तो गेल्यावर म्हटलं, "मीच करते." बोलून गेले आणि तिथल्या तिथे पस्तावले.

२२ जानेवारी, गुरुवार

कंपनी सुटल्यावर उल्हासनगरला. कंपनी आनंदनगरला, तिथून रिक्षा बदलत बदलत. नटबोल्टच्या दुकानात शेठ म्हणाले, "दीदी, गेट का काम है क्या?" ह्यांनी कापलेल्या बोल्टांचे तुकडे डब्यात जपले होते ते दाखवले. त्यांनी त्याच जाडीचे, लांबीचे, चकाकते काढून दिले. घेतले.

घरी ह्यांनी एकेकाच्या माथ्यावरून अंगठा फिरवला आणि सगळे बाजूला सारले. माझं डोकं फिरलं. मग जुना तुकडा माझ्या हातात ठेवला. चष्मा लावून बघितलं. जुन्याच्या माथ्यावर ८.८ कोरलेलं आहे, नव्यांचे माथे कोरे. म्हणजे हे गेटचेच. गाडीचं वजन पेलायचे नव्हेत.

उद्या परत उल्हासनगर. पाय दुखतायत.

२३ जानेवारी, शुक्रवार

बोल्ट बदलून आणले. सोबत नवे लॉकनट, वायसर. शेठ म्हणाले, "गाड़ी का है बोलना था ना." मलाच काल रात्री कळलं, म्हटलं.

हे आजचे घेऊन खूश. जेवताना बोल्ट ताटाशेजारी.

२५ जानेवारी, रविवार

आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली गेले. जुनी सतरंजी अंथरली, कंपनीतला चष्मा लावला, केसांना फडकं. वायर ब्रशने बोल्टांची भोकं, पाटे बसायच्या जागा घासल्या. गंज तोंडात येतो. चव रक्तासारखी. खालून गाडी वेगळीच दिसते, आपली वाटत नाही.

हे शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यांना वाकता येत नाही, मला कुठे घासायचं कळत नाही. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. माझा फोन खाली माझ्याजवळ, मनूचा जुना टॅब ह्यांच्या मांडीवर. हात लांबवला तर ह्यांच्या चपलेला लागतो, आणि आम्ही व्हिडिओ कॉलवर! घासून झालं की तिथे फोन धरायचा. "हो" आलं की पुढे. बऱ्याच वेळा "नाही" आलं.

संध्याकाळी प्राइमर लावला. मान हलत नाही. खिचडी.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. झेंडावंदन झाल्यावर वॉचमनला हाताशी घेतलं. पाटे उचलून जागेवर धरायला दोन माणसं लागतातच. त्याने धरले, मी बोल्ट सरकवले.

त्याआधी प्रत्येक बोल्टच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस. पुन्हा कधी खोलायचे झाले तर जाम होऊ नयेत म्हणून. ते काम ह्यांनी मला करू दिलं नाही. बोल्ट मांडीवर, ब्रश डाव्या हातात. सावकाश, आट्याआट्यातून. जास्त झालं तर पुसून परत. मी खाली हात पुढे करून पडलेली, वॉचमनचे हात भरून आलेले, पण ह्यांना घाई नाही. आजारपणापासून ह्यांना असं कामात बघितलं नव्हतं. फरशीचा गारवा पाठीत शिरला तो अजून आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

आज वाईट दिवस.

सगळे नट आवळत आणले होते. जोर लावून, दोन्ही हातांनी. तेवढ्यात हे म्हणायला लागले, "खाली." मला वाटलं, काहीतरी खाली पडलं. शोधलं. नाही. "खाली, खाली." वाटलं, आडवं व्हायचंय. हात धुऊन, धरून धरून वर नेलं, पलंगावर निजवलं. "खाली!" पुन्हा जिना उतरून आणलं. गाडीजवळ बसवलं. तरी तेच. "खाली!"

"अहो, खालीच आहोत ना आपण! अजून किती खाली जायचं?" मी केवढ्याने ओरडले. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. म्हात्रेवहिनी तर जिन्यातून खाली आल्या.

ह्यांनी तोंड फिरवलं. जेवले नाहीत. मी जेवले. भूक लागली होती.

४ फेब्रुवारी, बुधवार

फिजिओला झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, त्यांचा शब्द तुम्ही ओळखायच्या मागे लागू नका. करून दाखवायला सांगा." इतकं साधं. मला का सुचलं नाही? सुचायला डोकं रिकामं पाहिजे.

रविवारपासून खाली गेलो नाही. पाळी, औषधं, बीपी.

८ फेब्रुवारी, रविवार

चहा झाल्यावर म्हटलं, "चला. आणि आज बोलू नका, दाखवा."

गाडीपाशी आलो. ह्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला, खुर्चीवर ठेवला. मग डावा तळवा माझ्या खांद्यावर ठेवून दाबायला लागले. दाबतच राहिले. मी गुडघ्यातून वाकले. "खाली," म्हणाले, आणि काठीने गाडी दाखवली.

गाडी खाली! आधी गाडी खाली घ्यायची, मग आवळायचं.

घोड्यांवर असताना पाटे नुसते लोंबत असतात. तसेच आवळले तर बोल्टाभोवतीचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडीचं वजन आलं की पिळवटतं आणि फाटतं. माझं सगळं आवळणं चुकलं होतं आणि हा माणूस तेच ओरडून सांगत होता. मी त्याला पलंगावर निजवून आले.

सगळे नट सैल केले. चाकं बसवली, चाकांखाली लाकडी ठोकळे घातले, म्हणजे मला खाली शिरता येईल. वॉचमनने जॅकवर उचलून एकेक घोडी काढली. गाडी कुरकुरली आणि बसली. मग परत सतरंजी, परत मी. टॉर्क पाना पुरेसं आवळलं की कट् करतो. वर खुर्चीत ह्यांना ऐकू जात होतं. प्रत्येक कट्ला "हो."

शेवटचा झाल्यावर मी तशीच पडून राहिले. उठवेना. ह्यांनी काठी बाजूला टाकून डावा हात खाली केला, मला ओढायला. ओढून काय जमणार होतं? पण धरला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी पाळी, म्हणून सकाळीच उरकलं. बोल्टांच्या माथ्यांना, नटांना, बाहेर राहिलेल्या आट्यांना गंजरोधक मेण. डबा गरम पाण्यात ठेवून पातळ केलं, ब्रशने लावलं, फटींत पंपाने मारलं. रबराला लागू द्यायचं नाही, लागलं तिथे पुसलं. पाणी आलं तरी आता मेणावरून ओघळेल. कंपनीत दिवसभर माझ्या केसांना वास.

म्हात्रे वाकून बघून गेले. "वहिनी, ह्या सगला तुमी केला?" आम्ही दोघांनी, म्हटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मनूने पुण्याचं गिऱ्हाईक शोधलंय. जुन्या गाड्या हौसेने ठेवणारा माणूस. खालचे फोटो बघून खूश झाला, रविवारी येतो म्हणाला. मनू म्हणते, चांगल्या घरी जाईल, तूही सुटशील.

सुटेन खरी. आणि मग रविवारी आम्ही दोघं काय करणार, हेही मनात आलं.

ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. ह्यांना उपास करू दिला नाही, मी केला. अंबरनाथला देवळाकडे गर्दी, रस्ते तुंबलेले. गिऱ्हाईकाचा फोन, अडकलोय, उशीर होईल.

म्हटलं तोवर गाडी पुसून ठेवू. ह्यांना खाली आणलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं, एकदा बसू देत व्हीलवर. ह्यांनी मान हलवली. डिकीला हात लावत मागून वळसा घालून गेले, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले. काठी गुडघ्यांत. दार ओढून घेतलं. सरळ समोर बघत.

मी किल्ली घेऊन उभी. मला गाडी येत नाही. कधी शिकायचा विषयच निघाला नाही.

बसले शेवटी व्हीलमागे. पाय पेडलपर्यंत पोचेनात, ह्यांच्या उंचीला लावलेली सीट. फोन वाजायला लागला, गिऱ्हाईकच असणार. ह्यांनी वाकून डाव्या हाताने सीटखालची दांडी शोधली, ओढून धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी पाय रोवून जोर लावला. पुढची सीट सलग आहे, एकट्याला सरकता येत नाही. दोघंही पुढे गेलो.

पाय पोचले.