मागे घेतलेली दुरुस्ती

लिहून ठेवणार : मार्तंड त्र्यंबक धर्माधिकारी, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षक, एक मुदत राज्यसभेचा सदस्य, राहणार देऊळगाव राजा, जिल्हा बुलढाणा.

माझे डोके आज ठिकाणावर आहे. डॉ. पुष्पांजली वानखडे यांनी सकाळी मला तारीख, वार आणि बायकोचे नाव विचारले. तिन्ही बरोबर आले. दुपारी मात्र आरामखुर्चीत डोळा लागतो आणि सभागृह दिसते. लाल गालिचा, अर्धगोलात बाके, आणि छतातून रुईचे तंतू सावकाश उतरत असतात. सदस्यांच्या खांद्यांवर बसतात, कोणी झटकत नाही. जाग आली की ते स्वप्न होते हे मला कळते, त्यामुळे त्यावरून कोणी या कागदाला हरकत घेऊ नये. हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपणाखाली मी आयुष्यात एकदाच वागलो. ते कलम चारमध्ये आहे.

१. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी स्वतःविषयी फार चांगले लिहिले होते.

२. बालाजी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे माझे स्वकष्टार्जित घर पत्नी स्नेहलता हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्यानंतर मुलगा चिन्मय आणि मुलगी नीरजा यांचा त्यावर समान हक्क. बँकेत जे असेल ते स्नेहलताचे. अंगणातला पारिजातक कोणी तोडू नये. पहाटे त्याच्याखाली उभे राहिले की काही वेळ आपण कोणत्या वर्षात आहोत हे आठवत नाही, आणि या वयात ते सुख आहे.

चिन्मयला माझा काळा बंद गळ्याचा कोटही द्यावा. तो त्यानेच आग्रहाने शिवून घ्यायला लावला होता. पुण्यात नोकरीला लागल्यापासून त्याला माझ्या बोलण्याची लाज वाटे. "बाबा, दिल्लीत तरी 'मले-तुले' नको," असे तो म्हणाला होता. माझा राग आता गेला आहे. कोट उबदार आहे.

३. सहा वर्षांत मी सभागृहात त्रेचाळीस वेळा बोललो. प्राथमिक शिक्षण, पिण्याचे पाणी, सीमेवरच्या गावांतील शाळा, जनगणना अशा देशाच्या अनेक प्रश्नांवर. त्या भाषणांच्या बांधीव फायली गावच्या वाचनालयाला द्याव्यात. बहुतेक कोणी उघडणार नाही. माझी तक्रार नाही. ती भाषणे मी रिकाम्या बाकांसमोरच केली होती. एक फाइल मात्र वाचनालयात जाऊ नये. ती कु. उमैमा शेख, वकील, जालना, हिला द्यावी. कारण पुढे आहे.

४. उमैमा ही माझा मित्र शेख शकूर याची नात. शकूरचे बस स्टँडजवळ गाद्या भरायचे दुकान आहे. निवडून आलो तेव्हापासून प्रत्येक भाषण मी आधी त्याच्या दुकानात वाचून दाखवत असे. तो सुई थांबवत नसे. एकदा म्हणाला, "मास्तर, हे मलेच समजून नाही राह्यलं, तं मंत्र्याले काऊन समजीन?" मी भाषण फाडून पुन्हा लिहिले.

त्याची बायको शबाना धामणगाव बढेची. चौदा वर्षे ती एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला होती, रुईच्या धुळीत. तिचा खोकला आम्हाला घड्याळाच्या टोल्यासारखा सवयीचा झाला होता. कामगारांच्या आरोग्याचे विधेयक येणार असे कळल्यावर मी तिलाच विचारले, काय होते नेमके. ती म्हणाली, "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामाले गेली का छातीवर कोनी ओली गादी ठेवल्यावानी वाटते. मंगयवारी जराशी उतरते."

मी दुरुस्ती सुचवली. जिनिंगच्या कामगारांची छाती दरवर्षी तपासावी आणि हा दम धंद्यापायी जडलेला आजार मानून भरपाई द्यावी. मराठीत बोलण्याची आगाऊ सूचना दिली. शकूर आणि शबाना यांना प्रेक्षक सज्जाचे पास काढून दिले. आयुष्यात पहिल्यांदा ती दोघे दिल्लीला आली.

मी शबानाचे वाक्य तिच्याच शब्दांत म्हटले. भाषांतरकार क्षणभर थांबला. मग ते वाक्य इंग्रजीत आणि हिंदीत सगळ्यांच्या कानांत गेले. पलीकडच्या बाकावरच्या एका वृद्ध सदस्याने हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. त्या दिवशी बाके रिकामी नव्हती. मला वाटले, मी पाण्यावर चालतो आहे.

मंत्री उठून इंग्रजीत बोलले. नियम करताना याचा अवश्य विचार करू, सदस्यांनी दुरुस्ती मागे घ्यावी, असे म्हणाले. त्याच वेळी आमच्या पक्षाच्या प्रतोदांची चिठ्ठी आली. दोनच शब्द होते : 'मागे घ्या.' पुढच्या मुदतीच्या उमेदवारांची यादी महिन्याभरात ठरणार होती आणि ते मला ठाऊक होते. मताला टाकली असती तर दुरुस्ती पडली असती, असे मी पुढे अनेकांना सांगितले. कदाचित पडली असती. पण पडणे वेगळे आणि मागे घेणे वेगळे. मीही इंग्रजीतच म्हणालो, "आश्वासनावर विश्वास ठेवून मी माझी दुरुस्ती मागे घेतो."

बाहेर लाल दगडांच्या सावलीत शबाना उभी होती. तिला किंवा शकूरला सभागृहातले इंग्रजी कळले नव्हते, पण आपले वाक्य तिने ओळखले होते. तिने विचारले, "झालं ना, मास्तर?"

मी म्हणालो, "झालं."

ती देऊळगावात घरोघरी सांगत फिरली. नियम आले, त्यांत जिनिंग नव्हते. यादीत मीही नव्हतो. मंत्र्यांचे आश्वासन चार वर्षांनी सरकारच्या प्रलंबित आश्वासनांच्या यादीतून वगळण्यात आले. त्याआधीच, दिल्लीनंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, शबाना गेली. स्नेहलताने त्या भाषणानंतर माझे एकही भाषण वाचले नाही.

गेल्या चैत्रात उमैमाने सभागृहाचे त्या दिवसाचे कार्यवृत्त शोधून काढले आणि आजोबांना वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी शकूर माझ्या ओट्यावर येऊन बसला. ऊन कोवळे होते. जालन्याची एस.टी. गेली. मग तो म्हणाला, "शबाना खुशीत गेली. तिले ठावं नव्हतं. पन पोरगी इचारून राह्यली, मास्तरानं मांगं काऊन घेतलं? तिले काय सांगू?"

मी म्हणालो, "लिहून देतो." ते हे.

५. उमैमाने जिनिंगच्या कामगारांसाठी राज्यसभेकडे करावयाची याचिका तयार केली आहे. अर्जदारांत पहिले नाव माझे आहे. सुनावणीपूर्वी मी गेलो तर हे कलम चार माझी जबानी म्हणून तिने जोडावे. घरच्यांनी अडवू नये. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी तिलाच नेमतो. चिन्मयला हे आवडणार नाही, पण कागदपत्रे तिला कळतात आणि ती माझी भीड धरत नाही.

६. सभागृह माजी सदस्य गेल्यावर उभे राहून मौन पाळते. सचिवालय माझ्या कामाची माहिती मागेल तेव्हा 'कामगारांचे कैवारी' असे लिहू नये. शिक्षक होते, एवढे पुरे.

७. येथे मी शकूरची माफी मागणारे चार ओळींचे कलम लिहिले होते. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी त्याने सगळा कागद वाचून घेतला आणि त्या ओळींवर बोट ठेवले. "सही करतो मी, मास्तर. जे लिवलं ते खरं हाय. पन माफी शबानाची होती. ते मी कशी देऊ?" त्याचे म्हणणे मला पटले. कलम खोडले आहे. खाडाखोडीवर आम्हा तिघांच्या सह्या आहेत.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, मला मान्य आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : देऊळगाव राजा
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

(सही) मार्तंड त्र्यंबक धर्माधिकारी

साक्षीदार :
१. (सही) शेख शकूर शेख करीम, गादी कारागीर, देऊळगाव राजा
२. (सही) डॉ. पुष्पांजली वानखडे, देऊळगाव राजा