खुंटी गुरूची, तार शिष्याची

श्री. मी भगवंत सीताराम गुरव, वय अठ्ठावन्न, धंदा सतार शिकविणे, मूळ गाव पातूर, हल्ली वस्ती अमरावती, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे. दमा छातीत आहे, डोक्यात नाही. कोणी भरीस घातलेले नाही, नशापाणी केलेले नाही. केले असते तर पुढचे लिहिताना लाज थोडी कमी वाटली असती.

कलम १. राहते घर, मागची विहीर व घरात जे सापडेल ते माझी धाकटी बहीण मैनाबाई हिचे. तिने वीस वर्षे मला भाकरी घातली आणि माझा ताठा सोसला. भाऊबंदांपैकी कोणी हक्क सांगत आल्यास तिने खुशाल दार लावून घ्यावे.

कलम २. एलिचपूरच्या उस्ताद रहमूमियाँनी मला दिलेली जुनी सतार माझा शिष्य पुंजाराम माळी यास द्यावी. का, ते सांगितल्यावाचून देता येत नाही.

माझ्या शिकवणीचा एक नियम अमरावती-अकोल्यात सर्वांना ठाऊक आहे : खुंटी गुरूची, तार शिष्याची. शिष्याने नुसते वाजवावे. खुंटी पिळून तार सुरात आणणे गुरूचे काम. शिष्याने खुंटीला हात लावला तर विद्या नासते, असे मी दटावून सांगे, आणि वर उस्तादांचे नाव घेई. ते साफ खोटे. उस्तादांनी पहिले सहा महिने मला वाजवूच दिले नाही. रोज साऱ्या तारा उतरवून टाकत आणि म्हणत, "लगाव बेटा. पहले कान, फिर हाथ." नियम माझा, आणि पोटासाठी केलेला. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि ज्याने त्याने गाडीच्या चाकाला रुप्याची धाव बसवून बैठकीत सतार आणली. अकरा घरी शिकवणीला माझी बैलांची दमणी जाई. त्यांना खुंटी साधली असती तर मला कोणी कशाला बोलावले असते?

पुंजाराम कापसाचा नव्हे, वांग्या-मेथीचा माणूस. बाजार उरकून, हात धुऊन शिकायला बसे. त्याचा कान माझ्याहून चांगला. हे मी आज प्रथमच कबूल करतो. मधेच थांबून म्हणे, "गुरुजी, तार उतरून राहिली." मी खेकसे, "तू हात चालव. कानाचं मी पाहतो." ऐकले त्याने आधी, हेच मला झोंबे.

शके १७८५ च्या फाल्गुनात अकोल्याचे कास्तकार खुशालराव यांच्या मुलीच्या लग्नात तो मांडवात वाजवायला बसला. असे वाजवले की शेजारचा मला म्हणाला, "गुरुजी, चेला तं तुमच्या पुढे गेला." तेवढ्यात तार उतरली. पुंजारामाने हात थांबवून माझ्याकडे पाहिले. मी चार हातांवर होतो. मी पान जुळवू लागलो. त्याने पुन्हा पाहिले. मी सुपारी कातरू लागलो. मांडवात हशा पिकला. खुशालराव ओरडले, "काहून रे पुंजा, वाजवता येईना, तार वाकडी? जाय, बजारात मुये इक!" त्याने सतार खाली ठेवली, माझ्या पायांवर डोके ठेवले आणि निघून गेला. त्यानंतर त्याने वाजवलेले नाही.

खुशालरावांवर मी राग धरला होता, तो येथे सोडतो. त्यांनी नुसती थट्टा केली. बसून राहिलो तो मी.

पुढच्या दोन्ही गुरुपौर्णिमांना पुंजाराम टोपलीभर वांगी घेऊन आला. म्हणाला, "माह्यंच काही चुकलं असन." मी वांगी ठेवून घेतली. खाल्लीही. थू माझ्या जिण्यावर!

कलम ३. सदर नियम रद्द. अकराही घरच्या शिष्यांनी आपली खुंटी आपण पिळावी. तारा तुटतील, तुटू द्याव्या.

कलम ४ (वाचून झाल्यावर घातलेले). तोंडाने सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून साक्षीला पुंजारामासच बोलावले. शेजारी जानराव यांनी मोठ्याने वाचले. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पुंजाराम माझ्या उशाशी येऊन बसला. मग म्हणाला, "गुरुजी, तार लावणं मले पयल्याच वर्सी समजलं होतं. घरी मीच लावत जाओ. मांडवात तुमी समोर बसले होते, म्हून हात नाही लावला. वाटलं, आता उठसान, मंग उठसान."

मी जुनी सतार त्याच्याकडे सरकवली. म्हटले, "आता लाव. नियम खोटा होता रे." त्याने ती मांडीवर घेतली, खुंट्यांवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि परत ठेवली. "तुमच्यासाठी खोटा असन. घरी खुंटीले हात लावला म्हून मांडवात तसं झालं; तवापासून मी तं खराच मानला. तुमी आहा तवरी नाही."

म्हणजे त्याचे वाजवणे माझ्या जिवाने अडवून धरले आहे. सबब माझ्या दम्यावर यापुढे वैद्य बोलावू नये, मैनाबाईने काढा देऊ नये, आणि प्राण गेल्यावर पहिला निरोप माळ्याच्या मळ्यात धाडावा, भाऊबंदांना मागाहून.

मुक्काम अमरावती, मिती कार्तिक वद्य ५, शके १७८७, क्रोधननाम संवत्सर.

भगवंत सीताराम गुरव, दस्तुर खुद्द.

साक्षीदार :
जानराव गणोजी, सही.
पुंजाराम तुकाराम माळी, निशाणी खुरपे. निशाणी करण्यापूर्वी यांनी हरकत घेतली, ती त्यांच्या सांगण्यावरून जानराव यांनी लिहिली : "वैद्याचं लिवलं ते मले कबूल नाही. उद्या सकाळी मी त्याले घेऊन येतो."