त्या खोक्यातलं पीठ

आई,
छोटीला त्या खोक्यातलं पीठ आता एक चमचाही भरवू नकोस. टाकूही नकोस, मला तपासायला न्यायचंय. परवा तू म्हणालीस, याला डांबरगोळ्यांचा वास येतोय, तर मी तुलाच वेड्यात काढलं. वास खरा होता गं. आमच्या कारखान्यात या खोक्यातल्या आतल्या पिशवीला जो लेप लावतात, त्यात त्या गोळ्यांच्याच जातीचं रसायन सापडलंय आणि ते पिठात उतरतंय. आत्ताच फोन आला, तशीच पळतेय. छोटी पिवळी दिसली किंवा मलूल पडली तर माझी वाट न बघता दवाखाना गाठ. तुझ्या जावयाला मीच सांगेन. गेल्या महिन्यात सर्दीनं माझं नाक बंद होतं, तरी पिशव्या हुंगून 'वास नाही' म्हणून सही मीच केली.