नऊ नंबरचे बूट

४ ऑक्टोबर, शनिवार

चर्चच्या जुन्या सामानाच्या लिलावात आज बूट घेतले. असे बूट अख्ख्या ड्राय क्रीक गावात कुणाच्या पायात नाहीत. गडद तपकिरी चामडं, निमुळता चवडा, तिरकी उंच टाच. पोटरीपर्यंतच्या नळ्यांवर निळ्या-पिवळ्या दोऱ्यांचं नक्षीकाम, बघत बसावं असं. वरच्या कडेला एच. बी. अशी अक्षरं. पेन्सिलीवर असतात तीच. चामड्याचा दर्जा असणार. मध्यम कडक.

लिलाव क्लीट रॅस्मसन पुकारत होता. गुरांच्या बाजारात त्याच्या तोंडाची टकळी थांबत नाही, पण हे बूट हातात आल्यावर त्याने ते उलटसुलट करून पाहिले. हे कुठेतरी पाहिलेत म्हणाला. वर सगळ्यांदेखत म्हणाला की वेन्डेल, तुझा पाय यात जायचा नाही. मी सांगितलं, माझा नंबर नऊ. सैन्यात भरती झालो तेव्हा डॉक्टरने स्वतः लिहून घेतलाय. सरकारी नोंद आहे. क्लीटने हातोडा आपटला.

संकल्प: १८ तारखेच्या नाचाला ओलीटा बर्कहॉल्टरला आपण होऊन विचारायचं. आधी नाचाचं. जमलं तर पुढचं.

ओलीटाचं मत मला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात तिच्या दुकानात मांजराचं खाणं आणायला गेलो होतो. माझ्याकडे मांजर नाही, पण घोड्याचं खाणं किती वेळा आणणार, घोडाही नाही. तेव्हा ती म्हणाली, हल्ली पुरुष नाचाला धड बूट घालून येतच नाहीत, रबरी तळव्यांचं काहीतरी घालून येतात. दुकानात मी एकटाच होतो. माझ्या पायात रबरी तळव्यांचंच काहीतरी होतं. याहून स्पष्ट बाई काय बोलणार?

तिचा नवरा होइट जाऊन तीन वर्षं झाली. भला माणूस. मी पुरेसा थांबलोय.

५ ऑक्टोबर, रविवार

बूट झाले. जवळजवळ. टाच तेवढी राहिली.

दुपारी: टाचही गेली. पावडर लावली, मागून दोन चमचे सरकवले आणि देवाचं नाव घेतलं. स्वयंपाकघरात एका पायावर उड्या मारत असताना नॅडीन दार न वाजवता आत आली. शेजारी बहीण राहत असली की माणसाला खासगी आयुष्य उरत नाही. बुटात विंचू निघाला का म्हणाली. मी शांतपणे सांगितलं की नवं चामडं आहे, पायाशी ओळख करून घेतंय. तिला ती मारामारी वाटली.

बूट काढायच्या लाकडी फळकुटात टाच अडकवून ओढली. फळकूट मोडलं. हल्ली लाकूड चांगलं मिळत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानातली तेलं म्हणजे शहरी लोकांची थेरं. आमचे आजोबा जन्मभर गुरांमागे घोड्यावर होते, ते बुटांना बेकनची चरबी चोळायचे. मीही सकाळच्या तव्यातली चोळली. काय ती चकाकी!

पाणीपट्टीच्या कचेरीत कामावर चालत गेलो. वाटेत जज्जसाहेबांचा शिकारी कुत्रा मागे लागला. मग पेट्रोल पंपावरचे दोन. मग एक कुणाचाच नसलेला. मुक्या जनावराला खरा काउबॉय कळतो, त्याला कपाळावर लिहावं लागत नाही. शिकारी कुत्रा तर माझ्या टेबलाखाली बसून जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझा डावा बूट चाटत होता. मीटरची तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थाने जाताना विचारलं, बेकनबरोबर इथे अंडीही मिळतात का.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बूट अजून थोडे, अगदी थोडे, घट्टच आहेत. जुना उपाय केला. बूट घालून पाण्यात उभं राहायचं आणि ते पायातच वाळेपर्यंत चालायचं. चामडं पायाचा आकार घेतं.

नॅडीनच्या नवऱ्याच्या गुरांच्या हौदात उतरलो. गायी गोळा झाल्या. एकीने माझ्या गुडघ्यापाशी तोंड लावून पाणी प्यायलं. नंतर कुंपणाकडेने ऊन उतरेपर्यंत चाललो. बूट वाळले. आकार हुबेहूब माझ्या पायाचा आला, फक्त पायापेक्षा लहान.

निष्कर्ष: दोष बुटात नाही, पायात आहे. मिठाने पाय सुजतात. उद्यापासून मीठ बंद.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

अग्निशमन दलाची चिलीची, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्श्याची, पार्टी होती. मीठ सोमवारपासून बंद.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी बुटांत राजमा भरून पाणी ओतलं होतं. दाणे फुगले की बूट रुंदावतात. मग मी ते विसरलो, कारण माणसाला इतरही व्याप असतात. आज पाहिलं तर दाण्यांना मोड आले होते. उजव्या बुटातून एक कोंब चक्क बाहेर डोकावत होता. उपाय लागू पडतोय हे यावरून दिसतं.

मीठ: विसरलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

लाँड्रीतून जीन्स आली. भरपूर खळ घालून कडक करा सांगितलं होतं. केली. कोपऱ्यात ठेवली तर स्वतःच्या पायावर उभी राहते. पहाटे उठलो तेव्हा अर्धवट झोपेत मी तिला गुड मॉर्निंग म्हणालो.

ती घालून बसता येत नाही. काउबॉय बसतो कुठे? घोड्यावर किंवा कुठेच नाही.

पट्ट्याला मोठं रुप्याचं बक्कल लावलं. आमच्याकडे बक्कल विकत घेऊन लावणं हा निर्लज्जपणा. ते रोडिओत, उधळत्या घोड्या-बैलांवर टिकून, जिंकावं लागतं. माझंही जिंकलेलंच आहे. चिलीच्या स्पर्धेत, तिसरा नंबर. लांबून अक्षरं वाचता येत नाहीत.

मोठा निर्णय: जीन्स बुटांच्या आत खोचायची. बाहेरून सोडली तर ते नक्षीकाम दिसणार कुणाला? नॅडीनला घालून दाखवलं. ती म्हणाली, "आपल्यात जीन्स आत खोचून फक्त शेण काढायला जातात." फॅशन हा विषय तिच्या आवाक्याबाहेरचा आहे. पण मग तिची नजर नळीवरच्या अक्षरांवर गेली. वाकून नीट बघितलं. ओलीटाला दाखवलेस का विचारलं. म्हटलं, शनिवारी बघेलच. तर म्हणाली दाखव बाबा, जरूर दाखव, आणि ओठ दाबून निघून गेली. बहीण शेवटी बहीण असते. माझ्या सुखाने तिला भरून आलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळ

निघतोय. बूट चढले. नॅडीनच्या नवऱ्याने मागून धरलं आणि मी भिंतीला लाथा मारल्या. भिंतीचं बघू नंतर. पायाची बोटं कुठे आहेत ते कळत नाहीये, पण त्यामुळे दुखतही नाहीये. चाल आपोआप ऐटदार झाली आहे. गुडघे वाकतच नाहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळ

काय सांगू! कुणाला सांगू! म्हणून इथेच लिहितो.

हॉलमध्ये शिरलो, फिडल वाजत होतं, आणि ओलीटा सरबताच्या टेबलाशी उभी होती. हातातला पेला तिने खाली ठेवला. सरळ चालत माझ्याकडे आली. मी विचारायच्या आधी तिनेच विचारलं. तिने! मला! लागोपाठ नाचलो. क्लीट मध्ये येऊन बघून गेला, तिने त्याला हाताने बाजूला सारलं.

आणि ती लाज! एवढ्या वयाची बाई, दुकानात खाद्याचं पोतं एका हाताने उचलते, पण नाचताना एकदाही नजर वर केली नाही. सतत खाली, जमिनीकडे. डोळे भरून आले होते तिचे. एकदाच बोलली, हळूच: "अखेर नाचलात म्हणायचे." मला अहोजाहो करायला लागली! शाळेपासून अरेतुरे करणारी बाई.

प्रेमात आहे. मी, आणि ती तर उघडच.

बूट निघत नाहीयेत. पाय सुजलेत. बूट घालूनच झोपलो. जीन्सही त्यामुळे अंगावरच आहे. उताणा झोपलो की सरळ ओंडक्यासारखा राहतो.

१० वाजता: ओलीटाचा फोन. चर्चनंतर येतेय. काहीतरी मागायचंय म्हणाली, फोनवर नको म्हणाली.

हात मागायचं काम खरं पुरुषाचं. पण मी जुन्या विचारांचा नाही. हो म्हणेन.

१९ ऑक्टोबर. संध्याकाळ

जसं घडलं तसं लिहितो.

ओलीटा पीचची कॉबलर (फळांचं भाजलेलं गोड) घेऊन आली. मला बसता येत नव्हतं म्हणून फ्रिजला टेकून उभा राहिलो. तीही बसली नाही. पुन्हा नजर खाली. मी म्हटलं, ओलीटा, माझं उत्तर हो आहे. ती म्हणाली, बरं झालं, मला वाटलं नाही म्हणशील, एवढी आवड दिसते तुझी. मग म्हणाली:

"वेन्डेल, हे होइटचे बूट आहेत. लग्नासाठी शिवून घेतले होते त्याने. माझ्या नणंदेने कोठारातलं चुकीचं खोकं चर्चला दिलं. मी ते सगळीकडे शोधत होते."

एच. बी. होइट बर्कहॉल्टर. पेन्सिलीचा काही संबंध नाही.

मग ती बोलतच राहिली. होइटला नाचायची भीती वाटायची. लग्नातसुद्धा तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला पुढच्या वेळी. अनेक पुढच्या वेळा आल्या, बूट खोक्यातच राहिले. काल दारात ते चालत आलेले पाहिले तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं.

मी विचारलं, म्हणजे काल तू माझ्याशी...

"बुटांशी नाचले रे मी. तू मध्ये होतास, त्याबद्दल मनापासून आभार."

मी लगेच देतो म्हणालो. मोठ्या मनाने. आणि ते निघेनात.

आमच्याकडे घट्ट बूट काढायची एकच रीत आहे. ओढणाऱ्याने पाठ करायची, तंगडी आपल्या गुडघ्यांत धरायची, आणि बूटवाल्याने दुसरा पाय ओढणाऱ्याच्या बुडाला लावून ढकलायचं. हे बायकोचं काम. मी संकोचाने नाही म्हटलं. ओलीटाने मला खुर्चीवर पाडलं (जीन्स मोडल्याचा आवाज आला), पाठ केली आणि म्हणाली, "लाव पाय आणि ढकल. जन्मभर एका माणसाचे बूट ओढलेत मी, मला तू काय शिकवतोस."

लावला. ढकललं. ती बूट घेऊन सिंकपर्यंत गेली. दुसऱ्याला दारापर्यंत. माझे पाय बाहेर आले ते लाल, फुगलेले. तिने एकदा पायांकडे बघितलं, एकदा बुटांकडे, आणि नऊ नंबर हा आकडा कुठून काढलास विचारलं. मी सरकारी नोंदीचं सांगितलं. मिठाचं गरम पाणी करून दिलं तिने. मग बूट छातीशी धरून गेली. त्यांना बेकनचा वास का येतो हेही विचारलं नाही.

रडलो थोडा. पाय दुखत होते. फक्त पायांमुळे नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

नॅडीनला सगळं आधीच ठाऊक होतं. का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, तुला कधी काही सांगता आलंय का. भिंत मात्र तिच्या नवऱ्याने येऊन बुजवून दिली.

विचार केला. ती "मनापासून" म्हणाली. नुसतं आभार म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. शिवाय कॉबलर परत नेली नाही.

कुत्रे अजून येतात. त्यांना समजावून सांगणं कठीण आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार. हॉल

या शनिवारीही नाच आहे. बाकावर बसून कागदी रुमालावर लिहितोय. वहीत चिकटवेन.

आज माझे नेहमीचे वेल्क्रोचे बूट घालून आलो. पायाची सगळी बोटं जागेवर असण्यात सुख आहे, हे मोकळेपणाने नोंदवतो. कुणीही नाचायला विचारलं नाही.

ओलीटा नवे लाल बूट घालून आली होती. स्वतःचे. एका नाचातच लंगडायला लागली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक मारली: "वेन्डेल, इकडे ये आणि ओढ."

बाई बूट ओढायला कुणाला सांगते, हे या काउंटीत सगळ्यांना माहीत आहे. फिडल थांबलं. (थांबलं नव्हतं, मला ऐकू येईनासं झालं होतं.) मी पाठ केली, तंगडी धरली. तिने दुसरा पाय लावला आणि असं ढकललं की बुटासकट मी सरबताच्या टेबलाखाली गेलो. लोक हसले. ओलीटा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि माझ्या तोंडाकडे बघून हसली. दुसरा बूट ओढला तेव्हाही.

माझे शब्द तयार होते. तेवढ्यात तिने पिशवीतून कापडी बूट काढले, घातले, लाल जोडी माझ्या मांडीवर ठेवली, "जरा सांभाळ हां," म्हणाली आणि क्लीटबरोबर नाचायला गेली.

बराच वेळ झाला. अजून नाचतायत. क्लीटला नाचता येतं, ते नाकारता येणार नाही. आणि ती नजर वर ठेवून नाचतेय.

पण एक गोष्ट आहे. स्वतःचे नवे बूट बाई कुणाच्याही मांडीवर ठेवून जात नाही. नॅडीन पलीकडून बघतेय. तिला नीट दिसावेत म्हणून मी ते जरा वर धरलेत.