आठ मीटर अकरा

उत्रोली,
२१ डिसेंबर २०२५

आदरणीय एहसानकाका,

नूतनचा नमस्कार. महेजबीनकाकींनाही सांगा. मी सोमनाथ मॅनेजरची, म्हणजे अप्पांची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, म्हणून ओळख लिहिते आहे.

मी तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा काकींनी उचलला. म्हणाल्या, "ते न्हाई बोलायचे गं. तू लिही, मी समोर ठेवते." म्हणून हे पत्र.

इकडचं सांगायचं तर भात निघालं. क्लबला गावानं गायरानात कायमची जागा दिली. आता दर वर्षी कापणी झाल्यावर फुटबॉलच्या गोलसाठी खाचरात बांबू रोवायला नकोत, लोखंडी खांब काँक्रीटमध्ये बसवतोय. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. सध्या किकवीजवळ रस्त्याच्या मोजणीवर आहे. यंदा क्लबची व्यवस्थापक मला केलंय. अप्पांचे गुडघे गेले, हे त्याचं एक कारण.

चार जानेवारीला मैदानाचं उद्घाटन आहे. त्या दिवशी भिंतीवर फलक लागणार: क्लबचे मोठे खेळाडू आणि मॅनेजर. पहिलं नाव रखमाजीअण्णांचं, पहिले कप्तान, नेहमी अनवाणी खेळलेले. दुसरं तुमचं. तुम्ही सोमनाथ मॅनेजरच्या क्लबच्या फलकावर नाव नको असं कळवलंत. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी आकडे देते, ते मला सोपे जातात. अप्पांच्या वह्यांत प्रत्येक सामना आहे. तुम्ही अकरा वर्षं गोलमध्ये होतात. घरच्या मैदानावर अठ्ठावन्न सामने. त्यांतल्या एकतीस सामन्यांत एकही गोल झाला नाही. मी तीनदा मोजलं.

आता मागच्या आठवड्यातली गोष्ट. गोलच्या खुणा करायला मी स्टीलची टेप काढली तेवढ्यात रखमाजीअण्णा आपली दोरी घेऊन आले. तीच, दोन गाठींची, जिच्यावर इतकी वर्षं बांबू रोवले.

"हिच्यावर मार. टेप कशाला?"

मी दोरी ताणून तिच्यावर टेप लावली. गाठ ते गाठ आठ मीटर अकरा सेंटिमीटर. नियमानं सात मीटर बत्तीस हवं. पुन्हा मोजलं. तेवढंच.

"अण्णा, गाठी कशा मारल्या होत्या?"

"चोवीस फूट म्हंजी सोळा हात. म्या माझ्या हातानं मोजलं, तुझ्या बापानं गाठी मारल्या."

मी अण्णांचा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत मोजला. साडेपन्नास सेंटिमीटर. साधारण माणसाचा पंचेचाळीस-सेहेचाळीस भरतो. उरलेलं दोरीचं ताणणं.

अण्णा आपल्याच हाताकडं बघून हसायला लागले. "तरीच! माझी थप्पड पोरांना लांबनं बसायची."

अप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती जादा?"

"एकोणऐंशी सेंटिमीटर."

ते तिथंच पाइपावर बसले. मग पुन्हा विचारलं, "एका बाजूला किती?"

"साधारण चाळीस."

ते कुठल्या बॉलबद्दल विचारत होते ते मला कळलं. तुम्हालाही कळेल.

२०१० ची फायनल, आपल्याच मैदानावर, कापूरहोळविरुद्ध, एक-एक. शेवटची मिनिटं. तुमच्या उजवीकडं, खाली. तुम्ही पूर्ण झेपावलात. बॉल बांबूला आतून लागला आणि आत गेला. बांबू हललेला मी पाहिला आहे. खरा खांब तिथून चाळीस सेंटिमीटर आत असता, आणि बॉलची रुंदी बावीस. तो बॉल बाहेर गेला असता.

सामना हरलो तो हरलोच. त्यांच्या गोलकीपरसमोरही तेवढाच रुंद गोल होता. पण तो एक सामना उभा राहिला, तुम्ही अठ्ठावन्न. आपल्या तालुक्यात एवढ्या मोठ्या गोलसमोर इतका काळ दुसरं कुणी उभं राहिलं असेल असं मला वाटत नाही, आणि हा माणूस आमच्या क्लबचा होता. हे लिहिताना मला जो अभिमान वाटतो तो मी सहसा कुणाला सांगत नाही.

इथपर्यंत लिहून पत्र दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. दोरीचं सांगणं सोपं होतं. राहिलेलं लिहिते.

सामना संपल्यावर अप्पांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "नूतन, तू गोलच्या मागंच बसलेलीस. पोचत व्हता का ह्याचा हात?" मी म्हणाले, "व्हय. पोचत व्हता. त्यांनी घेतला न्हाई."

पहिलं उत्तर अप्पांना हवं होतं म्हणून दिलं. दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते माझं. कप आमच्या घरी येणार होता आणि आला नाही, याचा मला राग होता.

त्यावर अप्पा ओरडले, "बघा, पोरीला बी दिसलं! गॅरेजची नोकरी कापूरहोळला, मग बॉल बी कापूरहोळचाच!" तुम्ही हातमोजे काढलेत, एकदा माझ्याकडं पाहिलंत आणि गाडी चालू केलीत. नंतर कापूरहोळलाच राहायला गेलात.

तुमचा हात पोचत नव्हता, काका. मला तेव्हाही दिसलं होतं. टेप लावायच्या आधीपासून, पंधरा वर्षं, मला हे माहीत होतं. मी खोटं बोलले. मला माफ करा.

तुमच्यावरचा आरोप सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून काल क्लबच्या सभेत उभी राहून मी हेच सांगितलं. मग गेनूकाका म्हणाले, "पंधरा वर्सं लागली व्हय गं तुला?"

"हो," मी म्हणाले.

अप्पा उठून उभे राहिले. गुडघ्यांमुळं त्यांना वेळ लागतो. "पोर नऊ वर्साची व्हती. म्या चाळीसचा व्हतो," म्हणाले. "एहसानचं नाव नसंल तर मॅनेजरांत माझं बी लिहू नका." सभेच्या वहीत हे सगळं मी शब्दशः लिहिलं आणि त्याखाली त्यांनी सही केली. सोबत त्या पानाची प्रत आहे.

माफीचं पत्र अप्पांना जमणार नाही. येत्या रविवारी मी त्यांना गाडीवर बसवून कापूरहोळला आणते आहे. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही उघडलंत तर आम्ही परत फिरू आणि मी पुन्हा फोन करणार नाही.

पेंटर त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी येतोय. तुमच्या नावाची जागा त्याला मोकळी सोडायला सांगितली आहे. तुम्ही नाहीच म्हणालात तर ती तशीच राहील. तिथं दुसरं नाव लिहू देणार नाही. कुणी विचारलं की ही ओळ रिकामी का, तर कारण मी सांगेन, माझ्या नावासकट.

काकींना नमस्कार.

तुमचा नकारही मान्य करणारी,
नूतन